मेहकराहून समुद्राकडे

वऱ्हाडातील माणसास समुद्र म्हणजे नकाशावरील निळी शाई. आमचे मेहकर पैनगंगेच्या काठी वसलेले. मुंबईचा किनारा येथून चारशे किलोमीटरांहून दूर. पैनगंगा वर्धेस मिळते, वर्धा वैनगंगेशी मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीस आणि गोदावरी पूर्वसमुद्रास. म्हणजे आमच्या अंगणात पडलेला पावसाचा थेंब वाहत गेलाच तर बंगालच्या उपसागरात पोहोचावयाचा. मुंबईच्या समुद्राशी त्याची गाठ पडणे नाही. छत्तीस वर्षे मुलांस हे आम्ही फळ्यावर काढून दाखविले, आणि एवढ्या काळात स्वतः मात्र दोनदाच समुद्र पाहिला, तोही चौपाटीवरून.

गावाचा आणि समुद्राचा म्हणून एकच संबंध बालपणी ऐकला होता. १८८८ साली येथे जमिनीखालून शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती निघाली. ती विलायतेस नेण्याचा सरकारचा मनोदय होता, परंतु हुकूम पोहोचण्यापूर्वीच गावकऱ्यांनी घाईघाईने तिची प्रतिष्ठापना उरकून घेतली, असे वृद्ध मंडळी सांगत. जेथे प्रत्यक्ष देवाचा समुद्रप्रवास गावाने होऊ दिला नाही, तेथे आमच्यासारख्या मास्तराची काय कथा!

परंतु गेल्या दिवाळीत फराळ आटोपून सर्व मंडळी माजघरात बसली असता आमच्या कुटुंबाने सहज बोलावे तसे म्हटले, “अहो, ज्याचा काठच दिसत नाही असे पाणी एकदा पाहायचे आहे.”

आम्ही म्हटले, “भाच्याच्या लग्नाच्या वेळी चौपाटीवर नेले होते की.”

“तो काठावरून पाहिला. भिंतीपाशी उभे राहून घर पाहिल्यासारखे झाले ते.”

चाळीस वर्षांच्या संसारात हिने मागितलेल्या गोष्टी मोजण्यास एका हाताची बोटे पुरतील. त्यांतील एक आमच्या हातून वाया गेली होती, ती आठवण येथे सांगितल्यावाचून पुढील आमची सावधगिरी वाचकांस समजावयाची नाही. २०२० सालच्या फेब्रुवारीत रामेश्वराच्या यात्रेसाठी हिने भिशीतून साठविलेली रक्कम आम्ही एका यात्रा-दलालाच्या हाती रोख ठेवली. मार्चात टाळेबंदी आली. यात्रा झाली नाही, रक्कमही परत आली नाही, आणि टाळेबंदी उठल्यावर पाहतो तो दुकानावरची पाटीदेखील उतरलेली! हिने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. शब्द काढला असता तर बरे झाले असते.

आता पुन्हा भिशीचीच रक्कम होती, आणि गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरांनी उन्हाळा नेमला होता. जावयाचे तर या हिवाळ्यात. पुढचे कोणी सांगावे?

नातवाने फोनवर शोधून मुंबईहून गोव्यास जाऊन परत येणाऱ्या जहाजाची जाहिरात काढली. कंपनीचे नाव कॉर्डेलिया. घरातील अकरा माणसांपैकी एकानेही ते नाव ऐकले नव्हते. धाकट्या सुनेस मात्र आठवले. २०२१ च्या ऑक्टोबरात अमली पदार्थांच्या संशयावरून याच जहाजावरील प्रवाशांवर धाड पडली होती आणि वर्तमानपत्रे महिनाभर त्यावर जगली होती. झाले! माजघरात क्षणभर शांतता पसरली. मग आमचे थोरले बंधू, ज्यांस सारे घर दादा म्हणते, त्यांनी चष्मा काढून विचारले, “अरे, पण ही कंपनी कोणाची? हिला कोणी ओळखते का?”

या प्रश्नाचे आम्हांस मोठे कौतुक वाटले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच घरात निराळा प्रश्न निघाला असता. बौधायनाने समुद्रगमनास पातित्य आणणाऱ्या कर्मांत घातले आहे. गंमत अशी की, त्याच सूत्रकाराने ती उत्तरेकडील लोकांची रूढी म्हणूनही नोंदली आहे. म्हणजे जाणारे जातच होते. पुढील निबंधकारांनी समुद्रपार गेलेल्या द्विजास पुन्हा पंक्तीस घेणे कलिवर्ज्यांत ढकलले. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या तेव्हा बंदरावरील वाऱ्यापेक्षा समाजाचाच वारा अधिक जोराचा होता. आज त्या धर्मशंकेचे नाव दादांच्या ओठीही आले नाही. भय जातीवरून उठून पैशावर येऊन बसले आहे, इतकाच फरक. तथापि भय बाळगणारी माणसे तीच, आणि त्यांत प्रेमही तेच.

दादांच्या भयास मात्र दुसरेही मूळ होते. त्यांचा जन्म १९४७ सालचा. त्याच वर्षी १७ जुलैस, आषाढी अमावास्येच्या दिवशी, ‘रामदास’ बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या एका आत्याचे सासर अलिबागेकडील; त्यामुळे ही हकीकत घरात दरवर्षी दादांच्या वाढदिवसास निघे, आणि ते बिचारे पाटावर बसून ती ऐकत. आम्ही या वेळी ती हकीकत नीट वाचून काढली, आणि जे हाती आले ते दादांपुढे ठेवले. ‘रामदास’ काही अनोळखी कंपनीची बोट नव्हती. स्वदेशीच्या भरात निघालेली, लोकांच्या तोंडी ‘माझी आगबोट कंपनी’ असे लाडके नाव असलेली ती संस्था. तिच्या बोटींची नावे ऐकावीत तर ‘जयंती’, ‘तुकाराम’, ‘रामदास’! पैकी पहिल्या दोन १९२७ च्या नोव्हेंबरातील वादळात गेल्या. ‘रामदास’वर त्या दिवशी सणासाठी घरी जाणाऱ्यांची खच्चून गर्दी होती, पावसाळा ऐन भरात होता, आणि मोठ्या लाटेने बोट कलताच भ्यालेली माणसे एका अंगास धावली. म्हणजे ओळख होती, विश्वास होता, नावात पुण्य होते. गर्दीस आवर नव्हता आणि ऋतूचा विचार नव्हता.

दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तर मग ओळख सोडून दुसरे काय पाहायचे ते पाहा.” हीच आमची परवानगी.

काय पाहावे हे आम्हांस तरी कोठे ठाऊक होते? मेहकरात त्या विषयाचा जाणकार मिळणे म्हणजे लोणारच्या खाऱ्या सरोवरात गोडे मासे शोधणे. परंतु मास्तराचा एक लाभ असा की, त्याचे विद्यार्थी जगाच्या कोणत्या कोपऱ्यात काय करीत असतील याचा नेम नसतो. आमच्या हाताखाली शब्दरूपावली घोकलेला एक मुलगा आज मालवाहू जहाजांवर इंजिनिअर आहे. सुटीवर आला असता त्यास फोन केला. तो हसून म्हणाला, “गुरुजी, कंपनीला काय विचारता, जहाजाला विचारा! कंपनी चार वर्षांची असेल, जहाज पस्तीस वर्षांचे आहे.”

त्याने समजावून दिले ते असे. जहाजे विकली जातात, रंग पालटतो, नाव पालटते. पण प्रत्येक जहाजास आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा एक सात आकडी क्रमांक मिळतो, तो जन्मापासून मोडीत निघेपर्यंत बदलत नाही. त्या क्रमांकावरून जहाजाचे पूर्वचरित्र शोधता येते. आम्ही नातवास कामास लावले. ‘एम्प्रेस’ नावाचे हे जहाज फ्रान्सातील सेंट नाझेर येथे बांधले गेले आणि १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने पाण्यावर फिरू लागले. लांबी सुमारे २११ मीटर. पुढे ‘एम्प्रेस ऑफ द सीज’, मग स्पॅनिश कंपनीकडे नुसते ‘एम्प्रेस’, पुन्हा मूळच्या रॉयल कॅरिबियन कंपनीकडे, आणि २०२१ च्या सप्टेंबरापासून मुंबईहून. विशेष म्हणजे ते मुळातच तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी बांधलेले. म्हणजे आज जे काम त्याजकडून घेतात तेच त्याचे जन्माचे काम. म्हातारा गडी ओळखीच्याच शेतात राबतो आहे, हे ऐकून आम्हांस थोडा धीर आला.

थोडाच; कारण त्याच शोधात दुसरी एक कथा निघाली. कॉर्डेलियाच्या आधी मुंबईहून ‘जलेश’ नावाच्या कंपनीचे ‘कर्णिका’ जहाज फिरत असे. जलेश म्हणजे वरुण. कर्णिका म्हणजे कमळाचा गाभा, किंवा कानातले भूषण. नावे ठेवणाऱ्यास संस्कृत चांगले येत असले पाहिजे! तेही जहाज १९९० सालचेच, इटलीत ‘क्राउन प्रिन्सेस’ म्हणून जन्मलेले. २०१९ च्या एप्रिलात ते मुंबईस आले, वर्षभरात जगावर साथ आली, कंपनी बंद पडली, आणि २०२० संपण्याच्या सुमारास ते गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाले. २०१८ साली भाऊच्या धक्क्यावरून गोव्यास जाऊ लागलेली ‘आंग्रिया’ देखील त्याच साथीत थांबली. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन राजकन्या. एक आज पाण्यावर, दुसरीचे लोखंड झाले. आम्ही इंजिनिअरास विचारले, असे का? तो म्हणाला, “जहाज वयाने मरते त्याहून पैशाने अधिक मरते, गुरुजी. धंदा थांबला तरी जहाजाचा रोजचा खर्च थांबत नाही.”

तेव्हा प्रश्नाचे दोन तुकडे झाले. आपण बुडू का, हा एक. आणि आपले पैसे बुडतील का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पुष्कळसे समाधानकारक होते. टायटॅनिक १९१२ साली बुडाल्यावर १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याची १९७४ सालची आवृत्ती वेळोवेळी सुधारून आजही चालते. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याशी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ उलटल्यानंतर नियम अधिक कडक झाला, आणि प्रवाशांस धोक्याच्या वेळी कोठे जमावयाचे याची कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच करणे बंधनकारक झाले. आणि आम्ही जाणार होतो माघात, जेव्हा अरबी समुद्र बहुधा शांत असतो. नारळी पौर्णिमेपूर्वी होड्या पाण्यात न घालणारे कोळी आम्हां पंचांगवाल्यांपेक्षा अधिक शहाणे, हे ‘रामदास’ची हकीकत वाचल्यावर कोणीही कबूल करील.

दुसरा प्रश्न अधिक चिवट. आमचा मोठा मुलगा बँकेत आहे. त्याने सांगितले की, या कंपनीची मूळ संस्था ‘वॉटरवेज लेझर टुरिझम’ हिने भागविक्रीसाठी २०२५ साली सेबीकडे मसुदा दाखल केला आहे. अशा मसुद्यात संस्थेस स्वतःच्या जोखमी स्वतः लिहून द्याव्या लागतात. खोटे लिहिल्यास शिक्षा आहे. रविवारची सारी दुपार आम्ही आणि मुलाने त्या इंग्रजी जंगलात घालविली. मुख्य गोष्ट ध्यानात आली ती ही की, कंपनीचा सारा व्यवहार एकाच जहाजावर उभा आहे. ते एक अडले की सारेच अडले. मोठ्या परदेशी कंपनीकडे दहा-वीस जहाजे असतात. येथे तसे नाही. पुढे आणखी दोन जहाजे भाड्याने घेण्याचा करार झाल्याचे वाचले, पण आम्ही जाणार होतो तेव्हा एकच.

येथे एक आठवण सांगतो. कॉर्डेलिया हे शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकातील धाकट्या राजकन्येचे नाव. थोरल्या दोघी बापाची तोंडपूजा करतात. ही करीत नाही, आणि म्हणून घराबाहेर काढली जाते. रंगीत जाहिरात वाचताना आम्हांस थोरल्या बहिणी दिसल्या. त्या शुष्क मसुद्यात कॉर्डेलिया भेटली.

मुलाचे म्हणणे पडले की, एवढा संशय तर सिंगापूरहून नामांकित कंपनीचे जहाज घ्यावे. खरे आहे, परंतु त्यासाठी पासपोर्ट, विमान, आणि दुप्पट-तिप्पट पैसा. शिवाय गुडघे दुखत असता विमानतळावरच्या मैलभर वाटा कोणी चालाव्यात? लक्षद्वीपची फेरीही मोहात पाडीत होती. परंतु तेथे मोठे जहाज धक्क्यास लागत नाही. खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांनी लहान होडीत उतरून बेटावर जावयाचे. डोलत्या होडीत पाय टाकणे हिला झेपले नसते, आणि समुद्र खवळल्यास उतरणेच रद्द. गोव्यास मुरगावच्या बंदरात जहाज धक्क्यास लागते, उतरण्यास सरळ पूल. शितावरून भाताची परीक्षा करावयाची तर शीत लहानच असावे. तेव्हा गोव्याची छोटी फेरी ठरली. मुंबईहून निघून मुंबईसच परत.

मग भाड्याचा हिशेब. या धंद्यात सर्वत्र चाल अशी दिसते की, मोठ्या अक्षरांत एक आकडा छापावा आणि बंदरशुल्क, सेवाशुल्क, वस्तू व सेवा कर हे त्याच्या पायाशी बारीक अक्षरांत बसवावेत. जेवण भाड्यात, पण काही पेये, इंटरनेट आणि गोव्यातील फेरफटका वेगळा. सारी बेरीज आम्ही पाटीवर मांडली तेव्हा ती दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाच्या आसपास गेली. त्याहून महत्त्वाचे कलम प्रवास रद्द होण्याचे. आपण रद्द केला तर जितका उशीर तितकी कपात. कंपनीने रद्द केला तर पैसे परत, की पुढच्या फेरीचे नुसते आश्वासन? हे आम्ही फोन करून विचारले आणि ईमेलने लिहून मागितले. फोनवरील मुलीस आमचे मराठी इंग्रजी ऐकून हसू येत असावे, पण उत्तर तिने लेखी पाठविले. पैसे दलालामार्फत न देता थेट कंपनीस, आणि तेही मुलाच्या क्रेडिट कार्डाने दिले. सेवाच मिळाली नाही तर बँकेकडे तक्रार करण्यास वाट राहते. रोख रकमेस ती नसते, हे आम्ही पुरते शिकलो आहोत. प्रवासाचा विमाही घेतला. त्यात जुन्या आजाराचे कलम असते, ते वाचले आणि गुडघे लिहून दिले.

खोलीच्या बाबतीत इंजिनिअराचा सल्ला मानला. मधोमध आणि खालच्या मजल्यावर हेलकावा कमी. टोकाला आणि वर अधिक. झोपाळ्याचा दोर वर कड्यापाशी फारसा हलत नाही, तसेच काहीसे. उद्वाहक जवळ असावा अशी हिची एक अट, आणि खिडकी असावी ही दुसरी. काठ नसलेले पाणी पाहावयाचे तर भिंत पाहत कोण निजेल? शाकाहाराबद्दल दादांस चिंता होती. तेथे जैन स्वयंपाकदेखील मिळतो असे कळल्यावर ती मिटली. तरी हिने मेतकुटाची पुडी घेतलीच, आणि ती पिशवीतच राहिली.

निघण्याच्या आदल्या दिवशी पहाटे हिने पैनगंगेवर जाऊन तांब्याचा लहान गडू भरून आणला. का, ते सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या वेशीपर्यंत पुरा झाल्यापासून मेहकराहून मुंबई हा दिवसाउजेडीचा प्रवास झाला आहे. ज्या गावास आगगाडी कधी लाभली नाही, त्याच्या शेजारून आता मोटारी वाऱ्यासारख्या जातात. रात्र भाच्याकडे काढून दुसऱ्या दिवशी बॅलार्ड पिअरवर गेलो. एके काळी विलायतेच्या डाकबोटी येथे लागत आणि त्यांतून उतरलेले साहेब येथूनच आगगाडीने पेशावराकडे जात. त्या जागी २०२५ च्या सप्टेंबरात नवे टर्मिनल सुरू झाले आहे. तपासणीच्या वेळी गडूचे झाकण काढून शिपायाने वास घेतला. “काकू, हे काय?” “नदी आहे,” असे हिने सांगितले. तो हसला आणि झाकण लावून दिले.

कवायत झाली. नारिंगी जाकिटे कोठे असतात, कोणत्या जिन्याने कोठे जमावयाचे, हे दाखविले. पुष्कळ प्रवासी त्या वेळी फोनवर स्वतःची छायाचित्रे काढीत होते. आमची मंडळी मात्र शाळेतील पहिल्या बाकावरच्या मुलीप्रमाणे ऐकत उभी होती. जहाजावरील करमणुकीचे, दिव्यांचे आणि रात्रीच्या गाण्याबजावण्याचे वर्णन दुसऱ्या कोणी करावे. आम्हांस तो गलबला फारसा मानवला नाही, आणि वयपरत्वे मानवू नये हेच ठीक.

दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता हिने आम्हांस उठविले. शाल पांघरून वरच्या उघड्या मजल्यावर गेलो. तेथे कोणी नव्हते. पूर्वेस दूर कोकणचा किनारा असावा, दिसत नव्हता. उजाडू लागले तशी चारी दिशांस पाण्याची एक रेघ उमटली आणि तिला कोठेही खंड नव्हता. संध्येच्या मंत्रांत आपण रोज पाण्याची प्रार्थना करतो. पळीभर पाणी हातावर घेऊन चाळीस-पन्नास वर्षे ती केली, त्या पाण्याची ही थोरली मंडळी. ही कठड्यास धरून उभी होती. गुडघे दुखत असतील, पण बसली नाही. सुमारे तासाभराने तिने पदराआडून गडू काढला.

तेवढ्यात एक तरुण खलाशी लगबगीने आला. रत्नागिरीकडचा असावा. “काकू, जहाजावरून समुद्रात काहीही टाकायचं नाही. फूल नाही, नारळ नाही. नियम आहे.” हिने विचारले, “पाणी?” तो गोंधळला. नियमात पाणी आहे की नाही हे त्यास खरोखरच ठाऊक नसावे. थोडे थांबून म्हणाला, “नको काकू. वरून कॅमेरा आहे.” हिने मान डोलावली आणि झाकण लावले. इतक्या तपासाअंती ज्या नियमांवर आम्ही भरवसा ठेवला होता, त्यांतीलच एक आमच्या आड आला. आम्हांस राग येईना.

परत आल्यावर ते पाणी हिने तुळशीत ओतले आणि गडू घासून देव्हाऱ्याशेजारी ठेवला. सायंकाळी दादांनी ओसरीवरून विचारले, “मग, कंपनी कशी काय निघाली?”

“कंपनी कुठे दिसली, भाऊजी,” ही म्हणाली, “पाणी दिसले.”